सोनकलीची चार पोती

पोती टेम्पोतून उतरली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि बडोद्याच्या फतेगंजात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. पृथ्वीकाकाने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून ठेवलं होतं. पूर्ण उघडं ठेवलं की बाहेरची झळ आणि आतल्या भट्टीची झळ एक होते आणि कॉफीच्या आधी माणूस भाजतो. आम्ही दोघांनी वाकून, पाय फाकवून, एकेक पोतं आत ओढलं. चार पोती. प्रत्येकावर निळ्या शाईत ठसठशीत लिहिलेलं: सोनकली बेठेकर, चिखलदरा.

"आली एकदाची," काका म्हणाला आणि पोत्यावर थाप मारली, जशी लोक म्हशीच्या पाठीवर मारतात.

चिखलदऱ्याला कॉफी होते हे बडोद्यात सांगितलं की लोक आधी हसतात. कॉफी म्हणजे दक्षिणेची, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. पण मेळघाटाच्या डोंगरावर ती होते आणि सोनकलीबाईंच्या रानात सहाशे झाडं आहेत. मागच्या वर्षी काकाने त्यांचा माल पहिल्यांदा घेतला. तो भाजला तेव्हा दुकानात असा वास सुटला की समोरचा शिंपी मशीन थांबवून विचारायला आला. काकाने पाकिटं छापून घेतली: एका रानातली, एका हातची. चव: मनुका, गूळ, पिकलं केळं. येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगायचा की हा मातीचा गुण आहे, दुसऱ्या कुठल्या मातीत हे होणार नाही. मीही सांगायचे. माती पाहिली नव्हती तरी सांगायचे.

काका आधी बँकेत होता. नोकरी सोडून त्याने भट्टी घेतली तेव्हा रावपुऱ्यात आमच्या घरी आठवडाभर कुणी नीट जेवलं नाही. बाबा अजूनही म्हणतात, "आपल्या शिर्क्यांनी तलवारी सोडून कढई घेतली." यंदा त्यात भर पडली, "आणि पुढची पिढी नुसतं हुंगणार." पुढची पिढी म्हणजे मी. दिवाळीनंतर काकाने एकदा गंमत म्हणून पाच कप मांडले आणि वेगळा ओळखायला सांगितला. मी ओळखला. त्याने कप फिरवले, मी परत ओळखला. सहा वेळा. तेव्हापासून चाखायच्या टेबलावर माझी खुर्ची असते, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून मी वर्गातही पहिल्या बाकावर बसते. दोन्हींचा काय संबंध ते मलाही माहीत नाही.

काकाने सुरीने पोत्याचा टाका उसवला. आत जाड प्लास्टिकची पिशवी होती, तोंड दोरीने आवळलेली. त्याने ओंजळभर हिरव्या बिया काढून माझ्या नाकापुढे धरल्या.

"काय?"

"स्वच्छ," मी म्हणाले. "ओल्या गवतासारखं काहीतरी."

"बस?"

"बस."

त्याने छोट्या भट्टीत थोड्या बिया टाकल्या. हिरव्याच्या पिवळ्या झाल्या, पिवळ्याच्या दालचिनीच्या रंगाच्या, मग आतून तडतड ऐकू यायला लागली. काका कान देऊन उभा होता. घाम त्याच्या हनुवटीवरून शर्टात उतरत होता, पण पुसायला त्याने हात उचलला नाही. बिया चाळणीत पडल्या, पंखा लागला, कोंडा उडाला. मी वाट पाहत होते त्या वासाची. शिंपी मशीन चालवतच राहिला.

ताजी भाजलेली कॉफी एक दिवस ठेवून मग चाखायची असते. दुसऱ्या दिवशी हार्दिकभाई आले. त्यांचं शहरातच वासणा भागात कॅफे आहे, मागच्या वर्षी सोनकलीबाईंचा अर्धा माल त्यांनीच नेला होता. त्यांनी चमचा भरून फुर्र करून ओढलं, तोंडात फिरवलं, परत ओढलं.

"पृथ्वीभाई, सारी छे," ते म्हणाले. "पण आमां पेलो टेस्ट नथी." चांगली आहे, पण मागच्या वर्षीची ती चव नाही.

"राजू?" काकाने मला विचारलं.

मीही ओढलं. मनुका नव्हत्या. गूळ नव्हता. केळं तर नावालाही नव्हतं. दुसरं काहीतरी होतं, हलकं, पण मी ते शोधायला थांबलेच नाही. नसलेलंच शोधत राहिले.

"नाहीये," मी म्हणाले. अगदी ठामपणे म्हणाले, कारण आता मला ठामपणे बोलता येत होतं.

हार्दिकभाई गेल्यावर काका स्टुलावर बसून राहिला. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका माणसाने त्याला मिसळलेला माल दिला होता आणि तो अख्खा उकिरड्यात गेला होता. ते त्याच्या मनात घट्ट बसलं होतं. त्याने फोन काढला. चिखलदऱ्याच्या कॉफीवाल्या शेतकऱ्यांचा एक ग्रुप होता, अकरा घरांचा. त्यात त्याने लिहिलं: सोनकलीबाई, या पोत्यांत दुसऱ्याचा माल मिसळला आहे. हा तुमच्या रानाचा नाही. आमचा विश्वासघात झाला.

"काका, त्यांना एकटीला लिहायचं ना."

"सगळ्यांना कळू दे."

"पण नक्की माहीत आहे का?"

"तूच म्हणालीस ना नाहीये म्हणून."

मी चमचे विसळायला घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर आवाजाचा निरोप आला. आधी बरंच शेळ्यांचं बें-बें, भांड्याचा आवाज, मग एका बाईचा जाडसर, न घाबरलेला आवाज. "साहेब, या. रान पाहा. मंग बोला." एवढंच.

काका जायला निघाला. मी बॅग भरली. आई, कौमुदी तिचं नाव आणि रागावली की नावाच्या अगदी उलट, दारात उभी राहिली. "मोठ्यांच्या भांडणात तुझं काय काम, राजेश्वरी?"

"नाहीये असं मी म्हणाले होते, आई. आणि नाक माझं आहे."

आईने काकाकडे पाहिलं. काकाने माझ्याकडे पाहिलं. मग आईने थेपल्यांचा डबा भरून दिला.

बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, परतवाड्यापर्यंत बस आणि पुढे घाटात जीप. जीपमध्ये बारा माणसं आणि एक कोंबडी. घाट चढताना हवा पातळ होत गेली आणि बडोद्यातलं ऊन अंगावरून कुणी पांघरूण काढून घ्यावं तसं सुटलं. गावाच्या अलीकडच्या वळणावर जीपवाल्याने उतरवलं आणि खाली जाणारी पाऊलवाट दाखवली.

सोनकलीबाई अंगणात पाटीची दोरी वळत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, सुक्या, दोरीसारख्याच वळलेल्या हातांच्या. अंगठ्याला चिंधी बांधलेली. त्या उठल्या, आत जाऊन दोन तांबे घेऊन आल्या. एक माझ्या हातात दिला. "पानी घे, बाई." दुसरा काकाच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला आणि परत दोरीकडे गेल्या.

काकाने खाली वाकून तांब्या उचलला. त्याचे कान लाल झाले होते.

"सोनकलीबाई, मी बोलायला आलोय."

"आज बोलाले वेळ नाई साहेब. गड्डे खंदून रायलो. पानी पडाच्या आधी रोपं लागाले पाह्यजे. याचं असन त या."

आणि त्या टिकाव खांद्यावर टाकून निघाल्या. मागून त्यांची सून शेवंती, माझ्याहून तीनचार वर्षांनीच मोठी, घमेलं घेऊन. सासूसुना आपसात कोरकूत बोलत होत्या, त्यातलं मला काही कळत नव्हतं. एकदा मात्र दोघी काकाच्या पांढऱ्या बुटांकडे पाहून गप्प झाल्या, ते कळलं.

कॉफीचं रान मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं होतं मोकळं शेत असेल, ओळीच ओळी. हे तर जंगलातच लपलेलं होतं. वर उंच झाडांची सावली, खाली कमरेएवढी गडद झाडं, पानं तेल लावल्यासारखी. फुलोरा होऊन गेला होता आणि फांद्यांच्या पेरापेराला मोहरीएवढी हिरवी फळं धरली होती. खाली पालापाचोळ्याची गादी, पाय टाकला की दबणारी.

"मोजा," सोनकलीबाई काकाला म्हणाल्या.

"काय?"

"झाडं. सहाशे हाय का नाई मोजा. सहाशे झाडाले चार पोते होते का नाई थे तुमाले मालूम हाय. मिसळाले मी आनू कुठून? बंगलेवाल्याच्या बागेतून? थे आमाले फाटकाच्या आत पाऊल ठेवू देत नाई."

काका खरंच मोजायला लागला. मला लाज वाटली, पण तोही काय करणार, एवढ्या लांब आला होता. दोनशेवर चुकला, परत सुरुवात केली. तिसऱ्यांदा सोडून दिलं आणि येऊन म्हणाला, "द्या टिकाव."

सोनकलीबाईंनी दिला. काकाच्या हातचा टिकाव मुरमात दोन बोटं जायचा. त्यांचा वीतभर. खड्डा गुडघ्याएवढा खोल हवा होता, त्याच्यातला दगड वेगळा, माती वेगळी. मी आणि शेवंती माती वाहत होतो. तासाभरात काकाच्या तळहाताला फोड आले. त्याने ते दाखवले नाहीत, पण टिकाव धरायची पद्धत बदलली. सोनकलीबाईंनी ते पाहिलं आणि चिंध्यांचं गाठोडं त्याच्याकडे न बघता त्याच्या दिशेने टाकलं.

मी माझं काम चालू ठेवलं. माती हातात घेऊन हुंगली, वरची, खालची, ओली, सुकी. झाडांची साल नखाने खरवडली. वरच्या सावलीच्या झाडांची पानं चुरगळली. विहिरीचं पाणी तोंडात धरून बसले. संध्याकाळी चुलीपाशी बसून धूर घेतला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मनुका कुठेच नव्हत्या. मातीला मातीचा वास होता, आमच्या गच्चीवरच्या कुंडीला येतो तसाच. हे मी काकाला सांगितलं नाही.

"हे पोरगी काय हुंगते व दिवसभर?" सोनकलीबाईंनी शेवंतीला विचारलं. मला कळेल अशा भाषेत, म्हणजे मलाच विचारलं. "कुत्र्यावानी."

"मावशी, मागच्या वर्षीच्या कॉफीला एक वास होता. मनुकांसारखा. गुळासारखा. तो यंदा नाही. म्हणून काकाला वाटलं हा माल दुसऱ्याचा. तो वास कुठून आला ते शोधतेय."

सोनकलीबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी शेवंतीकडे पाहिलं, शेवंतीने त्यांच्याकडे. कोरकूत काहीतरी एक वाक्य झालं. मग भाकरी तव्यावर पडली.

"जेव," त्या मला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेवंतीने मला उठवलं. "मोह येचाले येते का? आता शेवटचाच हाय." उतारावर दोन मोठी मोहाची झाडं होती. खाली जमीन झाडून ठेवलेली आणि तिच्यावर फिकट पिवळी, गुबगुबीत फुलं पडलेली, दवात भिजलेली. वेचताना बोटं चिकट झाली. मी एक फूल तोंडात टाकलं. गोड होतं, पण वास नुसता दमट, उग्र. तिथेही मनुका नव्हत्या. पाठ दुखायला लागली. शेवंतीची पाटी भरली तेव्हा माझ्या पाटीचा तळ दिसत होता.

"बडोद्यात मोह नाई का?" तिने विचारलं.

"पलीकडे छोटा उदेपूरला असतो म्हणतात. आमच्या घरात नसतो. आमच्याकडे दारूबंदी आहे ना, मोह म्हटलं की लोक इकडेतिकडे बघतात."

"मंग पेते नाई कोनी?"

"मी तसं म्हणाले नाही."

शेवंती इतकी हसली की तिला पाटी खाली ठेवावी लागली.

घरी येऊन तिने फुलं अंगणात पसरली. कालची, परवाची सुकत होती, ती गोळा केली. सुकून ती तांबडी-तपकिरी झाली होती, सुरकुतलेली. "थे आत टाक कणगीत," ती म्हणाली आणि पाटी माझ्याकडे दिली.

घरात अंधार होता. कोपऱ्यात कणगी उभी होती, माझ्या खांद्याएवढी उंच, बांबूची, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली. मी झाकण सरकवलं आणि पाटी ओतायला वाकले.

मनुका. गूळ. पिकलं केळं.

मी पाटी खाली ठेवली. कणगीत डोकं घातलं. मग हात घातला, खांद्यापर्यंत, त्या चिकट, कोमट फुलांमध्ये, आणि वास माझ्या केसांत, कानांत, सगळीकडे गेला. फतेगंजातला तो दिवस आठवला, शिंप्याची मशीन थांबली होती तो. मी तशीच उभी होते, अर्धी कणगीत, तेव्हा मागून आवाज आला.

"सापडलं का?"

सोनकलीबाई दारात उभ्या होत्या.

"मावशी, मागच्या वर्षी कॉफी यात होती?"

त्या उंबऱ्यावर बसल्या. अंगठ्याची चिंधी सोडली, परत बांधली. "माल ठेवाले पाच पायल्यांचा डब्बा बी नोता घरात. मोह विकून कणगी खाली झाल्ती. माल वाळला, टाकला त्यात. काढला त वास लागेल होता. मले समजलं. साहेबाले काही बोलली नाई. म्हनलं, ओरडन. म्हनन, बाई आळशी हाय, माल कशातबी ठेवते."

"मग यंदा?"

"यंदा त साहेबानंच कागद पाठोला ना. पिशव्या पाठोल्या. मले वाटलं, याले वास समजला, पन भला मानूस हाय, तोंडावर नाई बोलला, कागद पाठोला." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "शेवंतीनं वाचून दाखोला. आमी दोन महिने माल जमिनीले लागू नाई देला. बांबूचे मांडव केले. एकेक दाना निवडला. मोह त्या खोलीत, माल या खोलीत. अंगठा पाह्य, मांडव बांधतांनी कापला. असा माल मी जलमात नोता केला. अन् मंग ग्रुपवर आलं, चोर."

"त्यांनी चोर नाही लिहिलं," मी म्हणाले, आणि म्हणतानाच कळलं की हे बोलायला नको होतं.

"अकरा घरांनी चोरच वाचलं, बाई."

भिंतीवर मीठ-मिरचीच्या डब्यांच्या वर एक कागद डिंकाने चिकटवला होता. आमच्या दुकानाचा शिक्का. काकाचीच वाक्यं, नंबर घातलेली. चौथं वाक्य: माल उग्र वासाच्या वस्तूजवळ ठेवू नये. त्याच्या खाली कुणीतरी पेनाने बरोबरची खूण केली होती. सगळ्याच वाक्यांपुढे केली होती.

मी काकाला रानातून बोलावून आणलं. त्याला काही सांगितलं नाही. नुसतं हात धरून कणगीपाशी उभं केलं आणि म्हणाले, "वाक." तो वाकला. बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा मी भिंतीवरचा कागद दाखवला. त्याने स्वतःचा कागद वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ओठ हलवत, जसा काही तो त्याला पहिल्यांदाच दिसत होता.

"मी सगळ्याच शेतकऱ्यांना पाठवतो हा कागद," तो हळू म्हणाला. "सवयीने."

"हो."

"वर्षभर मी लोकांना मातीचा गुण सांगत आलो, राजू."

"मीपण."

सोनकलीबाई बाहेरून म्हणाल्या, "मातीचा कुठला, कणगीचा."

काका अंगणात गेला. त्याच्या दोन्ही हातांना चिंध्या होत्या आणि पांढरे बूट आता विटकरी झाले होते. त्याने हात जोडले. "सोनकलीबाई, माझी चूक झाली. मी चारही पोती घेतो. आणि..."

"पोत्याचं मंग पाहू," त्या म्हणाल्या. "ज्या जागी बोलले त्या जागी बोला."

काकाने फोन काढून लिहायला सुरुवात केली. सोनकलीबाईंनी मान हलवली. "लिहू नोका. अर्ध्यांले वाचता येत नाई. बोला. मी बी बोललीच होती."

तो बोलला. "नमस्कार. मी बडोद्याहून पृथ्वीराज शिर्के. सोनकलीबाईंच्या मालाबद्दल थोडा गैरसमज झाला होता..."

"कोनाले?" सोनकलीबाईंनी विचारलं.

काकाने बोट उचललं. निरोप पुसला. अंगणात एक शेळी पसरलेल्या मोहाकडे सरकत होती, शेवंतीने दगड मारायचा आव आणून तिला हाकललं. काकाने घसा साफ केला. मी त्याला दुकानात शंभर वेळा बोलताना ऐकलंय, कधी अडखळत नाही. आता त्याच्या कपाळावर भट्टीपुढे येतो तसा घाम होता.

"मी पृथ्वीराज. परवा मी या ग्रुपवर लिहिलं की सोनकलीबाईंनी माल मिसळला. ते खोटं आहे. माल त्यांच्याच रानातला आहे. मी त्यांचं रान पाहिलं. मीच सांगितलं तसं त्यांनी केलं, आणि मलाच ते ओळखता आलं नाही. चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाची नाही."

पाठवलं. आम्ही चौघं फोनकडे पाहत उभे राहिलो. कुणीतरी एक अंगठा पाठवला. मग आणखी एक. मग एका म्हाताऱ्याचा आवाज आला, कोरकूत, लांबलचक, आणि तो ऐकून सोनकलीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काय म्हणाले?" मी शेवंतीला विचारलं.

"म्हनते, साहेबाले म्हना आमच्या बी रानात या गड्डे खंदाले."

सोनकलीबाई आत गेल्या आणि घरासाठी ठेवलेल्या कॉफीतून मूठभर घेऊन आल्या. यंदाचीच, त्याच चार पोत्यांची भावंडं. चुलीवर लोखंडी कढई ठेवली. काकाने तोंड उघडलं, आच मोठी आहे असं त्याला म्हणायचं असणार, पण मिटून घेतलं. त्या उलथन्याने सतत ढवळत होत्या, मनगट न दमता, आणि तडतड सुरू होताच त्यांनी दोन लाकडं मागे ओढली. त्यांचाही कान बियांकडे होता. अगदी काकासारखाच. सुपात ओतून, पाखडून, वरवंट्याने भरडून उकळत्या पाण्यात.

"आमी त गूळ टाकतो," त्या म्हणाल्या. "तुमाले चाखाची हाय, म्हनून नाई टाकत."

"सोनकलीबाई," काका कढईकडे पाहत म्हणाला, "पुढच्या वर्षी एक पोतं... फक्त एकच... कणगीत ठेवता येईल का? वासण्याला एक गिऱ्हाईक आहे, त्याला तो वास फार..."

"अन् मोह कुठं ठेवू? तुमच्या दुकानात?"

"माझ्या दुकानात मोह सापडला तर मला आत टाकतील."

"मंग कॉफी कोन भाजन?"

"ही आहे ना," काकाने माझ्याकडे बोट केलं. सगळे हसले, आणि सोनकलीबाई पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहून हसल्या. कणगीचं काय ते मात्र बोलल्या नाहीत.

पहिला कप त्यांनी मला दिला. स्टीलचा, चटका बसणारा. मी फुंकर मारली, हुंगलं, ओढलं. त्या माझ्या समोर उकिडव्या बसल्या, कोपर गुडघ्यांवर टेकून, आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"काय लागते?"

माझ्याकडे शब्द खूप होते. काकाच्या दुकानातल्या तक्त्यावरचे सगळे पाठ होते, संत्र्यापासून सुपारीपर्यंत. फतेगंजात असते तर एका दमात पाच सांगितले असते. मी परत ओढलं. ते हलकं काहीतरी, जे मी दुकानात शोधायला थांबले नव्हते, ते होतं. स्वच्छ, थोडं आंबट, आणि गिळल्यावर मागे राहणारं. सकाळच्या रानात पाय दबतो तेव्हा वर येतं त्याच्या जवळचं, पण ते नाही.

"माहीत नाही, मावशी," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही. अजून द्या."

त्यांनी कप घेतला आणि भरला. "हे बरं बोलली. मागच्या साली साहेबानं पाकिटाचा फोटो पाठोला होता. केळ म्हने. मी शेवंतीले म्हनलं, आपल्या रानात केळाचं एक झाड नाई."

"यंदाच्या पाकिटावर काय लिहू मग?" काकाने विचारलं. तो अजून उभाच होता.

"तुमाले जे मालूम हाय थे लिहा. माहं नाव मालूम हाय. गाव मालूम हाय."

त्यांनी दुसरा कप भरला. काका सवयीने खाली वाकला, जमिनीवरून उचलायला. पण कप जमिनीवर नव्हता. सोनकलीबाईंनी तो हातात धरून पुढे केला होता, आणि काकाच्या चिंध्या बांधलेल्या दोन्ही हातांनी तो नीट धरेपर्यंत त्यांनी सोडला नाही.